आईच्या समोर बसलेली मुलगी

मखमलाबाद, नाशिक
६ डिसेंबर २००९

तीर्थस्वरूप फकिरामामांना वाल्मीकचा साष्टांग नमस्कार. तुमच्या गुडघ्यांची चौकशी आई रोज करते (माझ्याकडे, जणू ते माझ्याचजवळ ठेवलेत). आम्ही बरे आहोत, गुलाबावर मात्र भुरी आली आहे.

तर झालं असं, की गेल्या महिन्यात कॉलेजची माणसं आमच्या वस्तीवर आली आणि सगळ्यांच्या गळ्यात एकेक बिल्ला अडकवून गेली. सर्दी-ताप एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, ते शोधायचं होतं म्हणे. बिल्ला बोलणं ऐकत नाही. कोण कोणाच्या समोर, जवळ, किती वेळ होतं एवढंच टिपतो. पाठ फिरवली की त्याच्या लेखी माणूस गेला. (प्रतिभा तेव्हा मला मुद्दाम समोर बसवून बोलायची. म्हणायची, माझं बोलणं कुठेतरी नोंदलं जाऊ द्या. बिल्ला ऐकत नाही हे मी सांगून पाहिलं, पण बायको कोणाची ऐकते?)

आई बिल्ला घालून खोलीतच बसायची. वडील गेल्यापासून ती विचारलं तेवढंच बोलते, हे तुम्ही जाणताच. बिल्ले तपासायला आरोही नावाची विद्यार्थिनी रोज संध्याकाळी यायची. एकदा ती ओट्यावर उभी राहून घरच्यांशी त्यांच्या बोलीत फोनवर बोलत होती, तर ते ऐकून आई आतून लगबगीनं बाहेर आली.

"कोनी पोर शे व तू?"

"मी नामपूरनी शे, आजी."

मामा, मी आईच्या पोटचा, पण तिला असं बोलताना जन्मात ऐकलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा इथले हसायचे, म्हणून तिनं अहिराणी सोडली, हे मला त्या दिवशी कळलं. मग दोघी रोज समोरासमोर बसायला लागल्या. (तुम्ही विहिरीत पडला होतात, हे आता कॉलेजातही ठाऊक आहे.) आई हसायची, मामा. प्रतिभा स्वयंपाक सोडून ऐकत उभी राहायची.

आणि एक दिवस त्यांचे सर आले, कपाळाला आठ्या. बिल्ला तपासणाऱ्यांच्या गळ्यातही होता, आणि वस्तीत सगळ्यात जास्त वेळ समोरासमोर बसलेली जोडी निघाली आमची आई आणि खुद्द आरोही. तपासणारीनंच सगळा हिशोब बिघडवला, म्हणून ते तिला कामावरून काढायला निघाले. पोरगी मान खाली घालून उभी. आई पदर सावरून पुढे झाली.

"तिला रागवू नका. मीच बसवून घेतलं. माझ्या माहेरचं बोलणारं माणूस दारात आलं, त्याला उभ्या उभ्या कसं लावून देऊ?"

सरांनी चष्मा पुसला, चहा घेतला, आरोहीला दुसऱ्या गल्लीचं काम दिलं आणि आमच्या घराचे आकडे बाद केले. आईला त्याचं काहीच वाटलं नाही. पुढच्या रविवारी आरोही आली, ती बिल्ल्याशिवाय.

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा भाचा,
वाल्मीक

ता. क. आरोहीची परीक्षा जवळ आली, त्यामुळे आता तिचं येणं बंद. आई पुन्हा गप्प झाली आहे. तुम्ही चार दिवस राहायला या. फोनवर भागणार नाही. तुमचं 'हॅलो' ऐकलं की ती फोन माझ्या हातात देते.

ता. क. पुन्हा. आईनं पत्र वाचून घेतलं. म्हणते, फकिरा नुसती मान हलवतो, बोलायला वहिनी पाहिजे. तेव्हा मामींना नक्की पाठवा. सोबत तुम्ही आलात तरी चालेल.