कंटेनर पडला

मंगळवार, संध्याकाळ

चार दिवस वही उघडली नाही, चुकलंच माझं.

दुपारी तिच्या जेवणाच्या सुट्टीत लेकीचा, सुमनचा फोन आला. "आप्पा, माझा कंटेनर पडला. परत उभा करायचाय, मग बोलते." आणि फोन बंद. चाकणच्या गोदामात मी जन्मभर कंटेनर रिकामे केले. कंटेनर पडला म्हणजे खाली माणूस, एवढंच मला ठाऊक. तसाच अनवाणी शेजारच्या सलीमभाईच्या गॅरेजवर पळालो. तो हसायलाच लागला. "राव, तुमची सुमन कम्प्युटरवाली हाय! तिचा कंटेनर कुणाच्या पायावर न्हाई पडत."

खरंच की. तिनंच सांगितलं होतं, प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधायचं, म्हणजे कुठल्याही मशीनवर चालतं. त्या गाठोड्यालाच कंटेनर म्हणतात, आणि पडला म्हणजे चालता चालता बंद पडला. कंपनीनं तीन दिवस तेच शिकवलं. आज त्याची परीक्षा. नापास झाली तर नोकरी जाणार.

परीक्षा पाचला संपली. आता सात वाजलेत. तिचे पाय शाबूत आहेत हे कळलं, तरी नजर फोनवरच आहे. उभा राहिला असेल का तो? मीच फोन करू? नको, चिडेल.

सुमे, पडलेलाच असला तरी सांग. पण लवकर फोन कर, बाई.