तळघरातली उघडी खिडकी

प्रिय भिंगरी,

फोन सोडून आजी पत्र कशाला लिहितेय म्हणून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे, जिभेसकट. घरातला फोन तुझ्या बापाच्या खिशात असतो आणि मला जे सांगायचंय ते त्याच्या कानावर जायला नको. अक्षर वाकडंतिकडं आहे ते चालवून घे. मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावरून माझे भाऊ मरेपर्यंत भांडत होते.

तू गेलीस आणि शेजारीण टपकली. नात कसले वर्ग घेते म्हणे? म्हटलं, जमिनीतून घरात एक वायू शिरतो आणि बंद खोलीत साचतो, रेडॉन त्याचं नाव. तो मोजायचा कसा आणि बाहेर काढायचा कसा, हे ती इंजिनिअरांना, बांधकामवाल्यांना शिकवते. दिसतो का तो, म्हणाली. म्हटलं, दिसत नाही, वास येत नाही, पाऊल वाजत नाही. वर्षानुवर्षं छातीत जात राहिला तर माणूस नेतो. बाईनं पाय उचलून खुर्चीवर घेतले आणि चहा न पिताच गेली. तुझ्या विद्येनं माझी साखर वाचली.

पण हसू ओसरल्यावर मलाच तळघराचा जिना उतरवेना. शेवटच्या पायरीवर आले की वाटतं, खाली कुणीतरी श्वास धरून बसलंय.

तळघरातली ती खोली कशी झाली ते तुला अर्धंमुर्धं आठवत असेल. तुझी आई शिवणकाम करायची आणि तिला निवांत जागा हवी होती. तुझ्या बापानं बायकोला जन्मात कधी एक फूल आणून दिलं नसेल, पण खोली मात्र स्वतःच्या हातानं केली. गवंडीच तो, दुसरं काय देणार. फरशी घातली, भिंती गुळगुळीत केल्या. तिला गार वारा सोसत नाही म्हणून खिडकीच्या फटी अशा बुजवल्या, की मेणबत्ती लावून आम्हाला दाखवली. ज्योत जागची हलली नाही. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू तेव्हा तिच्या पायाशी बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायचीस. तिनं मग सारं आयुष्य त्याच खोलीत मशीनवर वाकून काढलं.

पुढचं तुला ठाऊकच आहे. भिंतीपलीकडच्या विडीनंही जिला ठसका लागायचा, तिला फुप्फुसाचा कॅन्सर. डॉक्टर विचारतो, घरात ओढतं कोण? म्हटलं, कुणीच नाही. ती गेली आणि तू हे शिक्षण घेतलंस. का, ते मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. आपल्या घरात बोलायचं ते सोडून बाकी सगळं बोलतात.

मग या खेपेला तू तो वायू मोजायची काळी डबी आणलीस, स्टुलावर ठेवलीस आणि बजावलंस की मी न्यायला येईपर्यंत दारं-खिडक्या बंद, डबीला हात लावायचा नाही. तुझा बाप शहाण्या मुलासारखा मान हलवत होता. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली; तो इतकी मान कधी हलवत नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी खालून मशीनचा आवाज आला. खोटं नाही सांगत, आधी देवाचं नाव घेतलं. कशीबशी उतरले. तुझा बाप तिच्या खुर्चीवर बसून मशीन चालवत होता. सुईत दोरा नाही, खाली कापड नाही. आणि खिडकी सताड उघडी. भिंतीवर तिनं टाचलेली कागदी मापं वाऱ्यानं नुसती फडफडत होती. म्हटलं, अरे, पोरगी काय सांगून गेली? म्हणतो, मशीन गंजेल ना. म्हटलं, मशीन गेलं खड्ड्यात, खिडकीचं सांग. त्यानं पाय आणखी जोरात मारला. मग म्हणाला, "आई, आकडा मोठा निघाला तर? फटी मीच बुजवल्या होत्या." खिडकी लावायला पुढे झाले होते, तशीच जिना चढून वर आले.

तू डबी न्यायला येणार त्या सकाळी त्यानं खिडकी लावून घेतली. घरातली माणसं डबीशी खोड्या करतात, लक्ष ठेवा, असं तू वर्गात शिकवत असशील. पण बापावर कोण लक्ष ठेवतं? मग तुझा फोन आला, बाबा, आकडा अगदी कमी, आपली खोली स्वच्छ आहे. तुझा आवाज किती हलका झाला होता गं. तो म्हणाला, बरं झालं, आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मीही गप्प राहिले असते. गेलेली बाई आकड्यानं परत येत नाही. झाकली मूठ झाकलेली बरी. पण परवा त्यानं अंथरूण खाली नेलं. जेवायला तेवढा वर येतो. लोकांना सांगतो, लेकीनं मोजलंय, खोली स्वच्छ आहे. खिडकीला नवी पुट्टी भरलीय, वास जिन्यापर्यंत येतो. ज्याला माहीत नाही त्याला सांगता येतं. हा तर सगळं जाणून, दार लावून, तिच्या जागेवर जाऊन निजतो. त्याला कुणी ओढत नाही खाली, भिंगरे. तो आपल्या पायानं चाललाय.

म्हणून लिहिलं. डबी आणू नकोस, तो पुन्हा मोजू देणार नाही. वर्गातली पोरं घेऊन ये. सांग, शिकायला खरं घर हवंय. फरशीला भोक पाडून नळी थेट छपरावर न्यायची आणि पंखा लावून जमिनीतली हवा बाहेर ओढायची, असं तूच मला सांगितलं होतंस ना? पाडू देत त्यांना भोक. त्याच्या फरशीवर कुणी वेडंवाकडं यंत्र चालवलेलं त्याला बघवणार नाही. शिव्या देईल, यंत्र हिसकावून घेईल. तू हिसकावू दे, मग भोक तोच नीट पाडेल. आकड्याचं काय बोलायचं ते तुम्ही बापलेक नंतर बघा. त्याआधी त्याचं अंथरूण वर आण. माझं तो ऐकत नाही, तुला नाही म्हणणं त्याला कधी जमलेलं नाही. सून मी स्मशानात पोहोचवली. मुलाला पोहोचवायला मी जिवंत राहिलेली नाही. उत्तर लिहीत बसू नकोस. निघ.

तुझीच, दाराकडे कान लावून बसलेली,
आजी