भुवनेश्वरीसमोर डॉक्टर पडणार

३ नोव्हेंबर
आजपासून डोकं शांत ठेवायचं. कॉलेज याच डोक्यापायी सुटलं. (सर चुकलेच होते. असो.)
तेव्हा माझ्या वर्गात असलेल्या भुवनेश्वरीचं लग्न ठरलं. डेंटिस्टशी. ठरलंय फक्त. झालेलं नाही.

५ नोव्हेंबर
नशीब बघा! तो डेंटिस्ट, डॉक्टर विरेश, स्वतःच आमच्या तबेल्यात आला. जोतिराममामाची वरातीची घोडी आहे, लगाम धरून मी पुढं चालतो. डॉक्टरला लगाम धरणारा नको. स्वतः घोडी पळवत मांडवात येणार म्हणे. सात रस्ता चौकात दोन मजली क्लिनिक, गेल्या वर्षी पॅराग्लायडिंग केलं, व्हिडिओ बघून घोडेस्वारी निम्मी आलीच आहे. म्हणाला, दाढेच्या मुळापर्यंत जाणारा हात आहे माझा, घोडीचं काय! मामा म्हणाला, दाढ जागेवर असती साहेब, घोडी पळती.
शिकवायचं काम मी घेतलं. प्लॅन एकच. माणूस भुवनेश्वरीसमोर पडला पाहिजे.

९ नोव्हेंबर, सकाळ
होम मैदानावर शिकवणी सुरू केली. ती पण आली. त्याला बघायला, असं दाखवत होती. मला म्हणाली, सिद्धूअण्णा, यांना सांभाळ हं. अण्णा म्हणजे मान. त्यांच्या कन्नड घरात सगळ्यांनाच म्हणतात.
डॉक्टर पडला नाही.

१२ नोव्हेंबर
अजून पडत नाही. मी फार चांगलं शिकवतोय, हाच प्रॉब्लेम. आज मला गुरुजी म्हणाला, पेढे दिले. खाल्ले नाहीत. दोनच खाल्ले.

१४ नोव्हेंबर
आयडिया! हलगी वाजली की आमची घोडी मागच्या पायांवर उभी राहून नाचते. डॉक्टरला माहीत नाही. उद्या वरातीतल्या हलगीवाल्या बिरप्पाला हलगी घेऊन मैदानात बोलावलंय. डॉक्टर मऊ मातीत पडेल, लाजेल. मग मी टांग मारून बसणार, घोडी ताब्यात घेणार, ती बघणार. घोडीवर कधी बसलो नाही, पण तीन वर्षं तिच्यापुढं चालतोय की. त्यातच सगळं आलं.

१५ नोव्हेंबर
पडला. उजवं मनगट मोडलं.
भुवनेश्वरी चपला टाकून पळाली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी ठरल्याप्रमाणे घोडीवर टांग मारली. बिरप्पाला थांब म्हणायचं राहून गेलं. मीही पडलो. तिनं वर बघितलं. घोडी डॉक्टरच्या अंगावर येते काय म्हणून.

१८ नोव्हेंबर
दवाखान्यात भेटून आलो. डॉक्टर म्हणाला, गुरुजी, चूक माझीच, लई शहाणपणा केला. हात पूर्वीसारखा चालेल का, हे मोठ्या डॉक्टरांनाही सांगता येईना. हे सांगताना हसत होता. ती त्याला सफरचंद भरवत होती. माझ्याकडं बघितलंच नाही. लोकांसमोर कसं बघणार?

२० नोव्हेंबर
तिचा फोन आला! पहिल्यांदाच. उचलायच्या आधी केस विंचरले.
म्हणाली, बिरप्पाला कुणी बोलावलं ते मला कळलंय. यांना सांगितलं नाही, सांगणारही नाही. तुझं नाव घेऊन चांगलं बोलतात रे ते, ते मोडायचं नाही मला. लग्नाला मात्र येऊ नको.
मी म्हटलं, पडलो मी पण. गुडघा फुटलाय. अजून वाकत नाही. बराच वेळ सांगत होतो.
फोन कधीच कट झाला होता.