पासपोर्टच्या स्टुलावर सूप

चि. भाऊजींस,

वहिनीचे मनापासून आशीर्वाद. तुमची पाठ आता सरळ होत असेल अशी आशा आहे (नसेल होत, तर डॉक्टरांचं ऐका, मित्रांचं नको). जाऊबाईंना सांगा, लोकर पोचली, रंग छान आहे. मी बरी आहे. जेवते, वाचते, झोप येईल तेवढी घेते.

मागे तुम्ही म्हणाला होतात, वहिनी, एक तरी काम स्वतः करून दाखवा, मग दादाचा फोटो स्टुडिओ ठेवा, नाहीतर औषधांच्या दुकानवाल्यांना गाळा देऊन मोकळे होऊ. तर काम मिळालं. समोरच्या खानावळीच्या मालकीणबाईंना भिंतीवर लावायला पदार्थांचे फोटो हवे होते, आणि मी हो म्हणून बसले. ह्यांनी जन्मभर माणसांचे चेहरे काढले, तेही बहुतेक पासपोर्टचे, आणि मी शेजारी उभी राहून गिऱ्हाइकांच्या कॉलरी सरळ केल्या. मला येतं ते एवढंच. तेव्हा सूपचा वाडगा मी त्याच स्टुलावर बसवला. मागे पांढरा पडदा, पुढे दिव्यांच्या दोन छत्र्या, दोन्हीकडून सारखा झगझगीत उजेड, सावली औषधालाही नाही. (वाडग्याची कडसुद्धा पुसली. कॉलरीची सवय.) फोटोत सूप कुठल्याशा गुन्ह्यात सापडल्यासारखं आलं. भाजलेले बटाटे तर सरकारी रांगेत उभे होते. मालकीणबाईंनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, 'ताई, हे सूप वारलंय का हो?' विचारलं आणि जीभ चावली. मला मात्र हसू फुटलं. हे गेल्यापासून तो शब्द माझ्यासमोर कोणी काढतच नाही, जशी काही ती बातमी मला अजून कळायचीच आहे. मी हसते आहे म्हटल्यावर त्याही हसल्या, आणि ते सूप आम्ही दोघींनी मिळून संपवलं.

मग घरी ह्यांच्या कपाटातली उजेडावरची जाड पुस्तकं काढली. (ह्यांना पुस्तकं विकत घ्यायची हौस होती, वाचायला मी होते.) त्यात म्हटलंय की चेहऱ्याला पुढून उजेड चालून जातो, कारण आपण डोळ्यांकडे बघतो. खाण्याला डोळे नसतात. ओलेपणा, खरखरीतपणा, वाफ, हेच त्याचं रूप, आणि ते दिसायला उजेड बाजूने नाहीतर मागून यावा लागतो. एवढं वाचून मी पुस्तक मिटलं. कारण आठवलं, हे रोज सकाळी खिडकीकडे पाठ करून चहा घ्यायचे. चेहरा अंधारात, आणि कपावरची वाफ मात्र धागा न् धागा दिसेल अशी. मी समोर बसून ती बघायचे, आणि ह्यांना वाटायचं मी त्यांच्याकडे बघते आहे. (बघतही होते.) इतकी वर्षं शिकवणी चालू होती आणि दोघांनाही पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी छत्र्या मिटल्या, ट्यूबलाइट बंद केली (दिव्याचा उजेड आणि खिडकीचा उजेड एकत्र आले की बटाट्यांना कावीळ होते). टेबल खिडकीशी ओढलं, खिडकीवर पातळ पांढरं कापड लावलं, पुढच्या अंधाऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा केला, म्हणजे थोडा उजेड उलटून सूपवर येतो. मागे गडद चादर, नाहीतर वाफ दिसत नाही. पण वाफ काही पासपोर्टवाल्यासारखी 'झालं का?' विचारत थांबत नाही. माझं एकेक जुळेपर्यंत वाडगा गार व्हायचा आणि मालकीणबाई रस्ता ओलांडून नवा आणायच्या. शेवटी एकदा वाफ वर चढताना फोटोत सापडली. फोटो बघून बाई म्हणाल्या, 'आता मलाच भूक लागली,' आणि आपल्याच खानावळीत जेवायला गेल्या. मी तिथेच बसून राहिले. वाफ पूर्ण विरली तरी उठवेना.

दोन्ही फोटो सोबत आहेत. जाऊबाईंनाही दाखवा, आणि मग काय ते ठरवा.

तुमची,
वहिनी

ता. क. औषधवाल्यांना काय कळवायचं, या काळजीत पडू नका. त्यांना मी नकार देऊन आले आहे, तोही सूप वारलं त्याच दिवशी. जमेल की नाही हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

आणखी एक. त्यांनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'बरं, मी तुमच्या दिरांशी बोलून घेतो.' तर ते येतील. त्यांना चहा द्या, पाठीचं सविस्तर सांगा, आणि गाळ्याचा विषय निघाला की 'वहिनींना विचारा' एवढंच म्हणा. खरं तर पत्र तेवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं.