शेऱ्याची चौकट

१२ जानेवारी
डोरीननं बटण दाबलं आणि फॉर्म तयार! एक ओळ लिहावी लागली नाही. तक्त्यात जेवढे रकाने, पडद्यावर तेवढ्या चौकटी – नाव, पत्ता, पथ्य, डबा कुणाच्या गाडीतून. तिची तीस वर्षं कागद गिरणीच्या संगणक विभागात गेली. आता आमच्यासारखीच चर्चच्या तळघरात फुकट राबते. त्रेसष्ट म्हाताऱ्यांना इथून दुपारचा डबा जातो.

स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या आयली कोस्केलानं पडद्याकडे पाहिलंच नाही. वाटाण्याचं सूप ढवळत राहिली. तिची सगळी माणसं बुटांच्या खोक्यात, कार्डांवर आहेत.

१४ जानेवारी
कार्डं चाळली. घंटा बिघडलीय, खिडकीवर टकटक करा. बायकोचा विषय काढू नका. मांजराला आधी. – यातलं काहीच फॉर्मवर नाही! डोरीननं तक्त्यात 'शेरा' नावाचा रकाना वाढवला, पुन्हा बटण दाबलं. चौकट हजर.

आयलीकडून खोका मिळवायला दोन कप कॉफी लागली. तू एक्क्याऐंशीची, हे तुझ्या डोक्याबाहेरही कुठेतरी हवं, म्हटलं. आवडलं नाही तिला. दिला तरी.

१७ जानेवारी
त्रेसष्ट कार्डं टाइप झाली. मान आखडली.

२५ जानेवारी
वाईट दिवस. टाउनो लेहतो – नव्वदीचा, एकटा – तीन दिवस धड जेवलेला नाही. नवा ड्रायव्हर गॅरी त्याचा डबा रोज परत आणत होता. गॅरीचा काय दोष? त्याच्या यादीत होतं, "भूक नाही म्हणतो. ऐकू". त्यानं ऐकलं.

कार्डावर होतं, "भूक नाही म्हणतो. ऐकू नका. टेबलावर ठेवून या."

डोरीननं रकाना वीस अक्षरांचा धरला होता. चौकटही तेवढीच आली. भरली की पुढचं घेतच नाही. आवाज नाही, सूचना नाही. आणि मी कार्डाकडे बघून टाइप करत होते. बत्तीस वर्षं वर्तमानपत्रात काढली. जागा कमी पडली की बातमी शेवटून कापायची, म्हणून महत्त्वाचं आधी लिहायचं. आयली महत्त्वाचं शेवटी लिहिते.

टाउनो बरा आहे. आयली स्वतः सूप घेऊन गेली, वाडगा संपेपर्यंत समोर बसली. परत आल्यावर म्हणाली, "पेपरवालीबाई, तुझ्या यंत्राला सांग, माणसाचं बोलणं पुरं होऊ दे म्हणावं."

ओरडली असती तर बरं झालं असतं.

२६ जानेवारी
डोरीन रडवेली. रकाना आता दोन हजार अक्षरांचा. खोका आयलीनं घरी नेला. म्हणजे पुन्हा सगळं तिच्याचपाशी.

२ फेब्रुवारी
आज आयली खोक्यासकट माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "सरक." एका बोटानं टाइप करते, प्रत्येक अक्षर उमटलं की नाही ते बघत. कार्डावर कधीच नव्हतं तेही भरते – कुणाला पावाची कड चावत नाही, कुणाचा मुलगा कधी वारला. मन कसं बदललं, विचारलं. बर्फ आहे तोवर उरकून घेऊ, एवढंच म्हणाली.

६ फेब्रुवारी
अठ्ठेचाळीस झाले. डोरीन तिला वेलचीच्या पावाच्या बदल्यात शिकवते. एवढी घाई कसली, असं डोरीननं विचारलं. तुझ्या हाताखाली शिकता शिकता म्हातारी झाले, म्हणून, म्हणाली आयली. दोघी खूप हसल्या. मीही.

१० फेब्रुवारी
त्रेसष्ट पूर्ण. कॉफी, पाव. आयली सगळ्यांच्या नंतर निघाली.

११ फेब्रुवारी
सकाळची यादी छापली. चौसष्ट नावं.

शेवटचं – आयली कोस्केला. शेरा: "डॉक्टरनं उभं राहणं बंद केलंय. दार लोटलेलं असेल. सुपाला नावं ठेवीन, मनावर घेऊ नये. पुढच्या घरी पोचायची घाई नसेल असं कुणीतरी पाठवा."

गाडीची चौकट रिकामी होती. माझं नाव घातलं.