हातानं धुतलेला स्कोप

४ मार्च, सोमवार
आज मशीन आलं. वॉशिंग मशीनचा थोरला भाऊ. पोटात घालायची दुर्बीण, म्हणजे आमचा स्कोप, आत ठेवायचा, झाकण लावायचं, चाळीस मिनिटांत निर्जंतुक. बावीस वर्षं हे काम माझे दोन हात करतायत. ब्रश, साबण, औषधात वीस मिनिटं, मग धुणं, वाळवणं. मशीनला बोटं नाहीत. महिन्याभरात अडगळीत जाणार. लिहून ठेवतो.

५ मार्च
मशीनबरोबर नवी टेक्निशियन आली आहे. जाड चष्मा. मनातल्या मनात नाव ठेवलं, चष्मेवाली. तिच्याकडून कळलं की मशीनमध्ये घालण्याआधी स्कोपची आतली नळी हातानंच घासावी लागते. म्हणजे मशीन माझं असिस्टंट! तसं तिला सांगितलं. ‘हो काका,’ म्हणाली. पोरगी समजूतदार आहे.
घरी ही दोन घास खाऊन उठली. ॲसिडिटी. या वयात व्हायचीच.

९ मार्च, शनिवार
हेडसिस्टरना सांगितलं, तीन स्कोप माझ्या हातचे, तीन मशीनचे. नमुने लॅबला पाठवा, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे. म्हणाल्या, हट्ट कशाला करता? म्हटलं, हट्ट नाही, सायन्स.
संकल्प: वीस मिनिटं घड्याळ लावून मोजायची. माझा अंदाज अचूक असतो, तरीपण.

१४ मार्च, गुरुवार
रिपोर्ट आला. मशीनचे तिन्ही स्वच्छ. माझ्या तिनांपैकी दोनांत जंतू.
कारणं: लॅबवाला नवा आहे. पाणी खराब होतं. नमुना घेताना चष्मेवाली शिंकली असेल.
तिनं हळूच विचारलं, काका, डोळे कधी तपासले होते? म्हटलं, मी बोटांनी बघतो. बोटांची टोकं औषधानं जरा बधिर झालीत. जराच.

१५ मार्च
हिला आमच्याच डॉक्टरांना दाखवलं. सहा महिन्यांत नऊ किलो उतरली. मला वाटत होतं, डाएट करते आहे. मंगळवारी स्कोप करू म्हणाले, बाकी काही बोलले नाहीत. एरवी बडबडे आहेत. घाईत असतील.
हिची एकच अट. दुर्बीण तुम्ही स्वतः धुवायची, ते मेलं मशीन मला नको. दहा दिवस मी घरी मशीनला नावं ठेवतोय, ऐकणारी तीच एकटी.
शब्द दिला.

१९ मार्च, मंगळवार. सकाळी ७.१०
पहाटेच्या इमर्जन्सीला वापरलेला स्कोप ट्रेमध्ये आहे. हिच्यासाठी हाच. पूर्ण हातानं. मशीनला आज सुट्टी.

७.४०
नळीतून ब्रश फिरवला. पांढरा निघाला. पुन्हा फिरवला. पांढरा. आता औषधात बुडवणार तेवढ्यात चष्मेवाली आली. न विचारता वाकून बघितलं. काका, अजून पिवळा आहे, म्हणाली. खिडकीशी नेऊन उजेडात धरला. मला पांढराच दिसला.
ब्रश तिच्या हातात दिला. म्हटलं, तू घास.

८.०५
तिनं पाच वेळा घासला. स्कोप मशीनमध्ये मी ठेवला. झाकणही मीच लावलं. बटण कुठलं, ते विचारावं लागलं.

८.४५
चाळीस मिनिटं समोर उभा होतो. खुर्ची होती. मशीनचा आवाज फारसा येत नाही.

दुपारी १२
आत नेताना हिनं माझे हात धरले. विचारलं, तुम्हीच धुतलीत ना? म्हटलं, दुसरं कोण धुणार? सकाळच्या वेळी माझे हात ओलसर, सुरकुतलेले असतात. बावीस वर्षं तिला ते माहीत आहेत. आज कोरडे होते. तिनं अंगठा फिरवून बघितला. म्हणाली, मग मला भीती नाही.
डॉक्टरांनी पोटातून तीन छोटे तुकडे काढून तपासायला पाठवले. रुटीन आहे, म्हणाले. म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही.
एवढं मला दिसलं.