फुटलेला मोदक कोणाचा

डिस्कव्हरी गार्डन्स,
सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

चि. सान्वीस आजीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. तुझा गाडीवाला रफिक रोज सकाळी तुला अजमानहून आणतो आणि संध्याकाळी परत नेतो. जाताना आमच्या बिल्डिंगवरून डबा उचलीन असं त्याने कबूल केलंय, म्हणून डब्याच्या पिशवीत हे पत्र. फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही. स्पीकर लावला की तू मला विचारतेस आणि उत्तर तुझी आई स्वयंपाकघरातून देते. व्हिडिओत मला माझंच कपाळ दिसतं. मी चौथी शिकलेय, लिहिता येतं. तुलाही मीच शिकवलंय, तेव्हा उत्तर मराठीत लिही. इंग्रजीत लिहिलंस तर तुझा बाबा मोठ्याने वाचून दाखवेल आणि मग अख्खं घर बसून तुझं ऑफिस चालवेल.

तुझं ऑफिस जुमेरा लेक टॉवर्सला. तिथून आपलं घर दहा मिनिटांवर. पण तुला स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं, म्हणून तू मैत्रिणीबरोबर अजमानला खोली घेतलीस. मधे आख्खं शारजा आडवं. रोज दोन-दोन तास रफिकच्या गाडीत बसून तू पायावर उभी राहतेस. मी काही बोलत नाही.

मंडळाच्या गणपतीचे मोदक यंदा माझ्याकडे आलेत, शनिवार तीस तारखेला. हाताखाली तुझी आई, बँकेतली उर्मिला आणि उर्मिलाच्या गाडीतून येणाऱ्या दोघी. सगळ्या पगारदार. दर गुरुवारी सराव असतो. नारळ सहा दिरहमला एक, म्हणजे दीडशे रुपयांच्या घरात, असं तुझा बाबा प्रत्येक नारळ फोडताना म्हणतो.

तुझ्या बढतीचं काय झालं ते कळव. लोभ आहेच, वाढवून मागत नाही. डबा धुऊन पाठव.

आजी


अजमान,
बुधवार, १३ ऑगस्ट

ती. आजीस सान्वीचा शि. सा. न. वि. वि. (तू शिकवलंस तसं लिहिलंय. मधलं एखादं अक्षर राहिलं असेल तर चालवून घे.)

डबा धुतलाय. अळूवडी अफनानने संपवली, मला दोनच मिळाल्या. अफनान म्हणजे माझ्या शेजारच्या डेस्कवरची, लाहोरची.

प्रमोशनचं असं आहे. आमची टीम लीड कॅनडाला गेली, तेव्हापासून मी ॲक्टिंग लीड आहे. टीममध्ये अफनान, सुजीत आणि खैरुद्दीनभाई. कुठला कंटेनर कुठल्या बंदरात जाणार याचे पेपर्स आम्ही करतो. येत्या सोमवारी इंटरव्ह्यू. मी आणि सुजीत, दोघांपैकी एक पर्मनंट लीड होणार. आमचे मॅनेजर दत्तप्रसाद सर घेणार आहेत.

पण मधेच एक लफडं झालं. ओमानमधल्या एका हॉटेलच्या टाइल्स सोहारला जायच्या होत्या, त्या सलालाला गेल्या. सोहार वर, सलाला पार खाली, मधे आख्खा ओमान. पेपरवर बंदर खैरुद्दीनभाईंनी चुकीचं टाकलं होतं. क्लायंट भडकला. मी लगेच ईमेल लिहिली की ही चूक खैरुद्दीन यांच्याकडून झाली. सगळ्यांना कॉपी केली, क्लायंटलासुद्धा, म्हणजे ट्रान्सपरन्सी राहील. आता एचआर त्यांना काढायचं म्हणतंय. त्यांची मुलगी इथे दहावीत आहे. नोकरी खलास की व्हिसा खलास, शाळा पण. मला वाईट वाटतं, पण फॅक्ट्स आर फॅक्ट्स. मी खोटं कुठे लिहिलं?

इंटरव्ह्यूत चांगल्या लीडरचे पाच गुण नक्की विचारतात. मी व्हिजन, एम्पथी, ओनरशिप, कम्युनिकेशन आणि इंटेग्रिटी असे तयार केलेत. तुझं ओपिनियन कळव. तुझ्या पगारदार बायकांना जास्त ओरडू नकोस.

तुझी,
सान्वी


डिस्कव्हरी गार्डन्स,
गुरुवार, १४ ऑगस्ट

चि. सान्वीस आशीर्वाद.

पाच गुण वाचले. तुझ्या आईला अर्थ विचारला, तिने एकेकाचा सांगितला. पाचही चांगले आहेत. स्थळ सांगून येतं तेव्हा मुलाचे असेच लिहिलेले असतात.

पत्र पुन्हा वाचलं. खैरुद्दीनने बंदर चुकीचं लिहिलं हे कळलं. त्याचा कागद पुढे जाण्याआधी कोणाच्या नजरेखालून जातो, ते तू लिहिलेलं नाहीस. कोणीच बघत नसेल तर तुझ्या कंपनीला लीडर कशाला हवा, सरळ कंटेनरलाच विचारावं कुठे जायचंय ते. आणि कोणी बघत असेल तर त्या माणसाचं नाव ईमेलमधून गळलं कसं, हे मला चौथी शिकलेल्या बाईला कळत नाही.

आमच्या राजापुरात देवळातल्या गणपतीचे मोदक आळीतल्या सगळ्या बायका मिळून करायच्या. चुलीपाशी गोदाक्का. मोदक वाफवले की काही फुटतातच. फुटलेला नैवेद्याला चालत नाही. प्रत्येकीच्या कळ्यांचं वळण निराळं, त्यामुळे कोणाचा फुटला ते लांबून कळायचं. पण गोदाक्काचा नेम असा, की फुटलेला मोदक दिसला की उचलायचा आणि स्वतः खायचा. कोणाचा म्हणून विचारायचं नाही. मी नवी होते, माझे पहिल्या वर्षी इतके फुटले की बाईला जेवण गेलं नाही. ती काही संत नव्हती हो. नवऱ्याला दारात उभं करून शिव्या द्यायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, तोंड भरलेलं असलं की बोलता येत नाही, आणि बोललं नाही की बाई पुढच्या वर्षी परत येते. नाहीतर एवढे मोदक एकटीने कोण वळणार. तिच्याकडे गुण एवढाच होता. तू पाच घेऊन बसलीस.

आज सराव झाला. मोदक पात्रातून काढले तर तीन उकललेले. मी उर्मिलाला सर्वांसमोर सांगितलं की हे तुझे, कळ्या बघ, परकराच्या निऱ्यांसारख्या घातल्यात. तिने हात धुतले, पर्स उचलली आणि गेली. गाडी तिची, म्हणून त्या दोघीही गेल्या. माणसं फार हळवी झालीत.

थालीपीठ पाठवतेय, लोणी वेगळ्या डबीत. आहे तेवढा लोभ पुरवून वापर.

आजी


अजमान,
मंगळवार, १९ ऑगस्ट

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला इतका राग आला की थालीपीठ मी खाल्लंच नाही. अफनानने खाल्लं. लोणी पण.

हो, पेपर माझ्याकडे येतो. लीडने ओके केल्याशिवाय पुढे जात नाही. त्या दिवशी खूप पेपर्स होते, मी नीट न बघता ओके करत गेले. ईमेल लिहिताना हे मला आठवत होतं. तेवढंच लिहिलं नाही. दोन दिवस मी गाडीत रफिकशीसुद्धा बोलले नाही. तो बिचारा पुन्हा पुन्हा विचारत होता की एसी कमी करू का.

काल इंटरव्ह्यू झाला. दत्तप्रसाद सरांनी पाच गुण विचारलेच. व्हिजन, एम्पथी बोलले, ओनरशिपपाशी आले आणि तिथेच अडकले. मग सरांना सांगितलं की सलालाचा पेपर मी ओके केला होता, तेव्हा कारवाई करायची तर माझ्यावर करा. सर म्हणाले की इंटरव्ह्यूत लोक आपलं चांगलं सांगतात, त्यांना असा अनुभव नवीन आहे. बाहेर येऊन पहिल्या ईमेलमध्ये जे जे होते त्या सगळ्यांना दुसरी ईमेल पाठवली. क्लायंटलासुद्धा. अफनान म्हणाली, हबीबी, तू गेलीस. रिझल्ट पुढच्या आठवड्यात. खैरुद्दीनभाईंचं काय होणार, माहीत नाही.

आता एक सांग. गोदाक्काची गोष्ट आणि उर्मिलाकाकू पर्स घेऊन गेल्याची बातमी, दोन्ही तू एकाच पत्रात लिहिलीस. मधे फक्त पॅराग्राफ बदललास. त्या दिवशीचे तीन फुटलेले मोदक कोणी खाल्ले?

कळावे. राग कमी झालाय, पूर्ण गेलेला नाही.

सान्वी


डिस्कव्हरी गार्डन्स,
शुक्रवार, २२ ऑगस्ट

चि. सान्वीस आशीर्वाद.

ते मोदक तुझ्या बाबाने खाल्ले. न विचारता.

तुला लिहायला शिकवलं ही माझी चूक. काल सराव झाला नाही, कारण सरावाला मी एकटीच. तुझी आई होती, पण ती एक अक्षर बोलली नाही, नुसत्या पाऱ्या करत राहिली. त्यापेक्षा तिने बोललेलं परवडतं. मंडळाचा माणूस फोनवर विचारत होता की आजी, तयारी कशी आहे. मी स्पीकर बंद केला.

आज उर्मिलाकडे गेले होते. माफी मागायला गेले नव्हते, उगाच काही वाचू नकोस. तिच्या बाल्कनीत हळद लावलेली आहे. मोदक हळदीच्या पानावर वाफवले की वास लागतो, म्हणून पानं मागायला गेले. दोन बिल्डिंगांमधे ऊन असं, की चप्पल वितळून तिथेच राहील वाटलं. तिने सरबत दिलं. साखर जास्त होती. मी ते बोलले नाही, तिला नवल वाटलेलं दिसलं. मग म्हणाली की पानं देणार नाही, शनिवारी स्वतः घेऊन येईन, कारण तुम्ही ती कापताना बघितलंत तर त्यातही खोट काढाल. मी म्हटलं, ये.

रिझल्ट लागला की कळव. खैरुद्दीनच्या पोरीची शाळा राहिली की नाही, ते आधी लिही, तुझं नंतर. साबुदाण्याची खिचडी आहे. यावेळी स्वतः खा.

आजी


अजमान,
मंगळवार, २६ ऑगस्ट

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

आधी तू म्हणालीस ते. खैरुद्दीनभाई राहिले. वॉर्निंग लेटर मला मिळालं.

लीड सुजीत झाला. दत्तप्रसाद सर म्हणाले की सुजीतच्या नावावर एकही चूक नाही. ते खरं आहे. त्याच्याकडे काहीही आलं की तो प्लीज सी बिलो लिहून मला फॉरवर्ड करतो, मग चूक त्याच्या नावावर कशी येणार? आजपासून काचेची केबिन त्याला. आई-बाबांना अजून सांगितलेलं नाही. तू स्पीकरवर सांगू नकोस.

खैरुद्दीनभाई मला काही बोलले नाहीत. थँक्यूसुद्धा नाही. फक्त आज एक पेपर झाल्यावर त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि मी बघेपर्यंत थांबून राहिले. दुपारी अफनाननेही तेच केलं. मी म्हटलं की आता सुजीतला दाखवा. ती म्हणाली की सुजीतला पाठवते इन्शाल्ला, आधी तू बघ.

इतके महिने त्या पोस्टसाठी थांबले होते आजी. काल गाडीत रडले. रफिकने या वेळी एसीचं काही विचारलं नाही, पण घरी सोडेपर्यंत गाणी बंद ठेवली. खरं सांग, मी मूर्खपणा केला का?

तुझीच,
सान्वी


डिस्कव्हरी गार्डन्स,
सोमवार, १ सप्टेंबर

चि. सान्वीस अनेक आशीर्वाद.

मूर्खपणा केलास का, विचारतेस. हो, केलास. पहिली ईमेल लिहिलीस तेव्हा. दुसरीबद्दल मला काही म्हणायचं नाही.

शनिवारी मोदक झाले. उर्मिला पानं घेऊन आली, त्या दोघीही आल्या. या वेळी सगळ्यांचे मोदक एकाच परातीत मिसळून ठेवले. मंडळात सगळे छान म्हणाले. सारण कमी म्हणणारा एक निघालाच, तो तुझा बाबा.

फुटायचे ते फुटले. पहिल्या घाण्यातला मी उचलला आणि खाल्ला, दुसऱ्यातलाही. मग तुझ्या आईने माझ्या साखरेचं काढलं आणि ताट ओढून घेतलं. शेवटच्या घाण्यात जे उकलले त्यांच्या कळ्या बारीक होत्या, जवळजवळ, राजापुरी वळणाच्या. इथे तसं वळण दुसऱ्या कोणाचं नाही. हल्ली हात थरथरतो, पारी पातळ होते. सगळ्या जणी पात्राकडे बघत उभ्या राहिल्या. उर्मिलाने एक उचलला, माझ्याकडे बघितलं आणि तोंडात टाकला. तोंड भरलेलं, त्यामुळे काही बोलली नाही. पुढच्या वर्षी चुलीपाशी ती बसेल, असं मी मंडळात सांगून टाकलंय. तिला अजून सांगायचं आहे.

ही गोष्ट आपल्यातच ठेव. तुझं सुजीतचंही मी घरात काढलेलं नाही.

डब्यात मोदक आहेत, फ्रिजमध्ये होते, एक वाफ दे. वरच्या कप्प्यात अख्खे आहेत, ते खैरुद्दीनच्या पोरीला आणि अफनानला. एक रफिकला. खालच्या कप्प्यात फुटलेले. केबिनमध्ये कोणी बसायचं ते दत्तप्रसादने ठरवलं. ते त्याचं ऑफिस आहे. पण फुटलेले कोणी खायचे ते मी ठरवते. ते सुजीतकडे फॉरवर्ड करू नकोस. तूच खा, आणि कोणाचे ते विचारू नकोस.

डबा सावकाश धुतलास तरी चालेल.

आजी